पाण्याची गाठ आणि पोलादाची भेग

कमरेच्या एका बाजूला अचानक कळ उठते आणि पाठीकडून पुढे सरकत जांघेपर्यंत उतरते. रुग्णाला बसवत नाही, झोपवत नाही. मळमळ, घाम आणि येरझाऱ्या यांतच रात्र जाते आणि पहाटे केव्हातरी नातेवाईक त्याला रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आणतात. मुतखड्याच्या या कळेचे वर्णन ज्यांनी ती सोसली आहे त्यांनीच करावे. वेदनाशामक इंजेक्शन देऊन झाल्यावर डॉक्टर चाकांवरचे एक लहानसे यंत्र खाटेपाशी ओढून आणतात, कमरेवर थंड जेली लावतात आणि मुठीत मावेल एवढा एक तुकडा त्वचेवरून फिरवू लागतात. पडद्यावर करड्या-काळ्या छटांत मूत्रपिंड उमटते. नातेवाइकांची समजूत अशी असते, की डॉक्टर खडा शोधत आहेत. खडा दिसला तर उत्तमच. पण त्या घटकेला डॉक्टरांची नजर मुख्यतः पाण्याच्या शोधात असते. खड्याने वाट अडवली असेल तर मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड आतून फुगते आणि पडद्यावर त्याच्या मधोमध एक काळेभोर तळे दिसू लागते.

पोटाच्या आत जे आहे ते द्रव की घन, हा प्रश्न ध्वनीला विचारता येतो आणि ध्वनी त्याचे विश्वासार्ह उत्तर देतो, हे ज्यांनी रोजच्या वैद्यकीय व्यवहारात आणून दाखवले, त्यांचे नाव इयान डोनाल्ड. ते मूत्ररोगतज्ज्ञ नव्हते, क्ष-किरणतज्ज्ञही नव्हते. ते बाळंतपणे करणारे डॉक्टर होते. त्यामुळे त्यांचे नाव गर्भवतीच्या सोनोग्राफीशी कायमचे जोडले गेले आहे. परंतु त्यांचा पहिला गाजलेला निबंध गर्भाविषयीचा नव्हता, तो पोटातील गाठींविषयीचा होता, ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

डोनाल्ड यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील लिस्कर्ड या गावी झाला. घराणे स्कॉटिश आणि डॉक्टरांचे. वडील सामान्य व्यवसाय करणारे डॉक्टर, तर आई पियानोवादक. वडिलांच्या प्रकृतीसाठी कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तेथेच, कोवळ्या वयात, डोनाल्ड आणि त्यांची भावंडे आईवडील दोघांनाही मुकली. केप टाऊनच्या विद्यापीठात भाषा, साहित्य आणि संगीत यांत पदवी घेऊन ते इंग्लंडला परतले आणि लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात वैद्यक शिकू लागले. १९३७ मध्ये डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी अ‍ॅलिक्स रिचर्ड्स या दक्षिण आफ्रिकेतील तरुणीशी त्यांचा विवाह झाला.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैद्यकीय अधिकारी होते. एक बॉम्बफेकी विमान कोसळून पेटले, आत बॉम्ब तसेच होते आणि माणसे अडकली होती. डोनाल्ड आत शिरले आणि त्यांनी माणसांना बाहेर काढले. या धाडसाबद्दल त्यांना १९४६ मध्ये राजसन्मान मिळाला. पण हवाई दलाने त्यांना दिलेली खरी देणगी वेगळीच होती. रडार आणि सोनार ही त्या युद्धात बहरलेली तंत्रे त्यांनी जवळून पाहिली. लहरी सोडायची, ती कशावर आदळून परत येते ते ऐकायचे आणि न दिसणाऱ्या वस्तूचे अंतर सांगायचे, ही कल्पना त्यांच्या डोक्यात घर करून राहिली.

युद्धानंतर लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात त्यांनी नवजात बालकांच्या श्वसनावर काम केले. श्वास अडलेल्या तान्ह्या बाळांसाठी त्यांनी आपल्या हातांनी यंत्रे जुळवली. नळ्या, झडपा, विजेच्या तारा यांत रमणारा प्रसूतितज्ज्ञ हे त्या काळच्या लंडनमध्ये जरा विचित्रच दृश्य होते, आणि काही सहकारी त्यांना मागे वेडा डोनाल्ड म्हणत. स्वभाव तापट, बोलणे चटपटीत, मते ठाम. अशा माणसाला प्रस्थापितांच्या दालनात सहज जागा मिळत नाही. पण १९५४ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने त्यांना प्रसूतिशास्त्राचे रीजियस प्राध्यापकपद दिले. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते.

ग्लासगो हे जहाजे, बॉयलर आणि पोलाद यांचे शहर. ही गोष्ट या चरित्रात महत्त्वाची आहे, कारण ध्वनीने शरीराचा वेध घेण्याचे प्रयत्न करणारे डोनाल्ड पहिले नव्हते. व्हिएन्नात कार्ल डुसिक यांनी १९४२ मध्येच कवटीच्या आतील पोकळ्या टिपण्याचा प्रयत्न केला होता. अमेरिकेत डग्लस हाऊरी माणसाला पाण्याच्या टाकीत बसवून चित्रे काढत होते आणि मूळचे इंग्लंडचे जॉन वाइल्ड मिनेसोटात स्तनाच्या गाठींवर काम करत होते. ग्लासगोला जाण्याच्या सुमारास डोनाल्ड यांनी लंडनमध्ये वाइल्ड यांचे व्याख्यान ऐकले होते. या सगळ्यांजवळ बुद्धी होती, चिकाटी होती. डोनाल्ड यांच्याजवळ याखेरीज एक कारखाना होता.

पोलादाच्या जाड पत्र्याला जोड देताना आत बारीकशी भेग राहिली तर पुढे बॉयलर फुटतो. ही भेग वरून दिसत नाही. माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या, अतिशय उच्च कंपनाच्या ध्वनिलहरी पत्र्यात सोडल्या तर त्या पत्र्याच्या दुसऱ्या कडेवर आदळून परततात. मध्ये भेग असेल तर तिच्यावरून आधीच परततात. पडद्यावरची रेघ त्या ठिकाणी उसळी मारते आणि भेग किती खोल आहे ते समजते. ग्लासगोजवळ रेनफ्रू येथे बॅबकॉक अँड विलकॉक्स या प्रसिद्ध कंपनीचा बॉयलरचा कारखाना होता. तेथील एका संचालकाची पत्नी डोनाल्ड यांची रुग्ण होती. या ओळखीचा उपयोग करून त्यांनी कारखाना पाहण्याची इच्छा व्यक्त केली, आणि २१ जुलै १९५५ रोजी ते दोन मोटारी घेऊन तेथे पोहोचले.

मोटारींच्या मागच्या कप्प्यांत काय होते? शस्त्रक्रियेने नुकत्याच काढलेल्या गाठी. काही गर्भाशयाच्या, फायब्रॉइड म्हणतात त्या घट्ट मांसल गाठी. काही बीजांडकोशाच्या, आत पाणी भरलेल्या. कारखान्याने आपल्या बाजूने गोमांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता, तुलनेसाठी. बॉयलर तपासणाऱ्या कामगारांच्या त्या दालनात, पोलादासाठी बनवलेले यंत्र एकामागून एक गाठींवर टेकवण्यात आले. पाण्याच्या गाठीत लहर आत शिरली, मध्ये कुठेही न अडखळता आरपार गेली आणि पलीकडच्या भिंतीवरून ठसठशीत प्रतिध्वनी घेऊन आली. फायब्रॉइडमध्ये मात्र ती आतल्या आतच विरून गेली. तेथे उमटलेल्या रेघांची छायाचित्रे वगैरे जामानिमा नव्हता, म्हणून डोनाल्ड यांनी आकृत्या हाताने उतरवून घेतल्या. द्रव आणि घन यांच्या ध्वनीतील सह्या वेगळ्या असतात हे त्यांना त्या दुपारी पटले. वैद्यकाच्या इतिहासातल्या मोठ्या दिवसांची यादी करायची झाली तर त्यांतला हा दिवस एखाद्या प्रयोगशाळेत नव्हे, तर बॉयलरच्या कारखान्यात उजाडला होता, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

आता स्वतःचे यंत्र हवे होते. लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ मेनिओर्ड यांच्याकडचे एक जुने यंत्र मिळाले. पण ते फार जवळच्या वस्तू दाखवू शकत नसे, म्हणून मध्ये पाण्याचे भांडे ठेवावे लागे. ही कसरत पाहून सहकारी हसत, आणि पाणी वारंवार सांडत असल्याने त्यांना हसायला निमित्तही मिळत असे. त्याच सुमारास केल्विन अँड ह्यूज या कंपनीतील टॉम ब्राऊन नावाचा तेविशी-चोविशीतला तंत्रज्ञ भलत्याच कामासाठी रुग्णालयात आला असता, कोणी प्राध्यापक धातूतले दोष शोधण्याचे यंत्र माणसांवर वापरत आहे असे त्याच्या कानावर आले. ते यंत्र त्याच्याच कंपनीचे होते. त्याने टेलिफोनच्या पुस्तकातून डोनाल्ड यांचा क्रमांक शोधला आणि थेट फोन लावला. १९५६ च्या उत्तरार्धातला हा फोन आला नसता तर पुढचा इतिहास कदाचित अन्य देशात घडला असता. डोनाल्ड यांच्याजवळ प्रश्न होते आणि रुग्ण होते. ब्राऊन यांच्याजवळ यंत्र घडवण्याची प्रतिभा होती. तिसरे होते जॉन मॅक्व्हिकार, डोनाल्ड यांचे तरुण सहकारी डॉक्टर. या तिघांत यश कोणाचे किती, याची वाटणी इतिहासाने न्यायाने केली असे म्हणवत नाही. प्राध्यापकाचे नाव जगभर झाले. ब्राऊन यांच्या वाट्याचे श्रेय त्यांना फार उशिरा मिळाले.

१९५७ मध्ये ब्राऊन यांनी जे यंत्र उभे केले ते पाहण्यासारखे होते. रुग्णाला खाटेवर बसून जेवता यावे म्हणून जे सरकते टेबल रुग्णालयात असते, त्याचा सांगाडा त्यांनी घेतला. मुलांच्या मेकॅनो खेळातले काही भागही त्यात कामाला आले. टेबल खाटेवर आडवे सरकवायचे, रुग्णाच्या पोटाला ऑलिव्ह तेल लावायचे आणि ध्वनी सोडणारी कांडी हाताने, त्वचेला सतत टेकवून, फिरवायची. कांडी जिथे जिथे फिरेल त्या जागेचा हिशेब यंत्र ठेवत असे आणि पडद्यावर केवळ उसळणारी रेघ न उमटता पोटाचा आडवा छेद चित्ररूपाने उमटे. हाऊरी यांच्या टाकीत आजारी माणसाला उतरवावे लागे. येथे यंत्रच आजारी माणसाच्या खाटेवर आले. खाटेजवळची सोनोग्राफी असा शब्दप्रयोग आज नव्या तंत्राचा म्हणून केला जातो, पण अगदी पहिल्या यंत्राचा पायाच खाटेवरचे टेबल होता.

याच दिवसांत ती प्रसिद्ध घटना घडली. पासष्टीकडे झुकलेल्या एका स्त्रीचे पोट प्रचंड फुगले होते. जठराच्या क्ष-किरण तपासणीत कर्करोगाची शंका आली होती आणि पोटातले पाणी म्हणजे त्या रोगाने झालेला जलोदर, असा निष्कर्ष निघाला होता. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असे ठरल्यात जमा होते. शल्यक्रियेच्या प्राध्यापकांनी, बहुधा कुतूहलापोटी, डोनाल्ड यांना आपले यंत्र तिच्यावर चालवून पाहण्यास सांगितले. जलोदरात आतडी पाण्यावर तरंगतात आणि प्रतिध्वनी त्यांच्यावरून विस्कळीत परततात. येथे तसे काही नव्हते. लहर शांतपणे खोलवर जात होती आणि एका सलग, गोलसर भिंतीवरून परतत होती. हे मोकळे पाणी नव्हते, ही पाण्याची गाठ होती. पोट उघडले तेव्हा बीजांडकोशाची भलीमोठी गाठ निघाली आणि ती कर्करोगाची नव्हती. मरणाची वाट पाहणारी स्त्री बरी होऊन घरी गेली. त्यानंतर रुग्णालयातले हसणे थांबले.

७ जून १९५८ च्या लॅन्सेट या साप्ताहिकात डोनाल्ड, मॅक्व्हिकार आणि ब्राऊन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता पोटातील गाठींचा ध्वनिलहरींनी वेध. शंभर रुग्णांच्या तपासणीवर तो आधारलेला होता आणि गर्भाशयातील बाळाची चित्रेही त्यात होती. त्यात दावे जपून केले होते. अपायाची शक्यता तपासण्यासाठी आधी प्राण्यांवर प्रयोग झाले होते. ही सावधगिरी अकारण नव्हती. १९५६ मध्ये अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी गरोदरपणी आईचा क्ष-किरण काढला असता पुढे मुलाला कर्करोग होण्याचा धोका वाढतो असे दाखवले होते आणि त्यावरून वैद्यकविश्वात वादळ उठले होते. किरणांवाचून आत पाहण्याचा मार्ग नेमका तेव्हाच समोर आला.

पुढची वर्षे यशाची होती. गर्भाच्या डोक्याचा व्यास मोजून वाढ ताडण्याची पद्धत ग्लासगोतच सुरू झाली आणि डोनाल्ड यांच्याकडे घडलेल्या स्ट्युअर्ट कॅम्बेल यांनी ती १९६८ मध्ये अचूक केली. कंपनीने विक्रीसाठी केलेली यंत्रे स्वीडनमधील लुंडपर्यंत गेली. १९६४ मध्ये डोनाल्ड यांच्या कल्पनेप्रमाणे क्वीन मदर्स हे प्रसूतिरुग्णालय उभे राहिले. २०१० मध्ये ते बंद झाले. कारखान्याने मात्र साठच्या दशकाच्या उत्तरार्धात या व्यवसायातून अंग काढून घेतले आणि ब्राऊन दुसरीकडे गेले.

१९६३ मधला एक शोध येथे थोडा विस्ताराने सांगायला हवा. सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भ दिसत नसे, कारण गर्भाशय ओटीपोटात खोल असते आणि पुढे आतडी असतात. आतड्यांत वायू असतो आणि वायू हा या ध्वनीचा हाडवैरी. लहर त्याच्या पृष्ठभागावरूनच मागे फिरते. एका स्त्रीची तपासणी करताना तिचे मूत्राशय भरलेले होते आणि आश्चर्य म्हणजे चित्र लख्ख आले. लघवीने भरलेल्या मूत्राशयाने आतडी बाजूला सारली होती आणि ध्वनीला एक पाण्याची खिडकी मिळाली होती. तेव्हापासून जगभरच्या स्त्रिया सोनोग्राफीआधी ग्लासामागून ग्लास पाणी पिऊन ताटकळत बसू लागल्या. मुतखड्याच्या रुग्णालाही हीच खिडकी उपयोगी पडते. खडा मूत्रवाहिनीतून घसरत अगदी शेवटी, मूत्राशयाच्या तोंडाशी, अडकला असेल तर भरलेल्या मूत्राशयातून तो स्पष्ट दिसू शकतो.

मूत्रपिंडाकडे ध्वनी वळवण्याचे काम डोनाल्ड यांनी केले नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत श्लेगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रपिंडातील खडे ध्वनीने हुडकण्याचा प्रयत्न केला. पुढे सत्तरच्या दशकात हलते चित्र तत्काळ दाखवणारी यंत्रे आली आणि १९९९ च्या सुमारास, अमेरिकी लष्कराच्या गरजेतून घडलेली, हातात उचलून नेता येण्याजोगी यंत्रे बाजारात आली. त्याबरोबर सोनोग्राफी क्ष-किरण विभागाच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर पडून तातडीच्या विभागातील खाटेपाशी पोहोचली.

तेथे ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. खडा हा कठीण पदार्थ. त्याच्यावरून जवळजवळ सगळा ध्वनी परत फिरतो, म्हणून तो पांढरा ठिपका म्हणून चमकतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. मूत्रपिंडातला मोठा खडा असा दिसतो. पण कळ देणारा खडा बहुधा मूत्रवाहिनीत उतरलेला असतो, काही मिलिमीटरांचा असतो आणि आतड्यांतल्या वायूआड लपतो. म्हणून डॉक्टर परिणामावरून कारण ओळखतात. दोन्ही मूत्रपिंडे पाहायची. दुखऱ्या बाजूचे फुगले आहे का आणि किती, ते ताडायचे. रेनफ्रूच्या कारखान्यात जो फरक दिसला होता, तोच येथे पाहायचा असतो: पाण्यातून लहर न अडखळता जाते, म्हणून पाणी काळे दिसते. मूत्रवाहिनीतून मूत्राशयात लघवीची पिचकारी अधूनमधून उडते, तीही रंगीत चित्रात दिसते. एका बाजूची पिचकारी दिसेनाशी झाली तर वाट अडली असल्याची शंका बळावते. वयस्कर माणसाला आयुष्यात प्रथमच अशी कळ आली असेल, तर त्याच बैठकीत पोटातील महाधमनीही पाहिली जाते. ती फुगून फुटण्याच्या बेतात असेल तरी दुखणे हुबेहूब मुतखड्यासारखे असू शकते, आणि ती चूक प्राणघातक ठरते.

मर्यादाही आहेत. कळ नुकतीच सुरू झाली असेल किंवा शरीरात पाणीच कमी असेल तर खडा असूनही मूत्रपिंड फुगलेले दिसत नाही. उलट गरोदरपणी किंवा मूत्राशय तट्ट भरले असता ते खड्याविनाही किंचित फुगते. सी.टी. स्कॅन खड्याचे स्थान आणि आकार अधिक अचूक सांगतो, यात वाद नाही. मग खाटेजवळच्या तपासणीवर विसंबणे सुरक्षित आहे का? अमेरिकेतील १५ तातडीच्या विभागांत मुतखड्याचा संशय असलेल्या २,७५९ रुग्णांवर याचा शिस्तीने अभ्यास झाला आणि २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले: पहिली तपासणी कोणाची तातडीच्या डॉक्टरांनी खाटेजवळ सोनोग्राफीने केली, कोणाची क्ष-किरण विभागात सोनोग्राफीने, तर कोणाची थेट सी.टी. स्कॅनने. निसटलेल्या गंभीर आजारांचे आणि त्यांतून उद्भवलेल्या गुंतागुंतीचे प्रमाण तिन्ही गटांत अत्यल्प आणि जवळपास सारखेच निघाले. सोनोग्राफीच्या गटांना किरणोत्सर्ग मात्र कमी झाला. खाटेजवळ तपासलेल्यांपैकी शंभरात सुमारे चाळिसांना पुढे सी.टी. करावाच लागला, हेही त्याबरोबरच सांगितले पाहिजे. म्हणजे सोनोग्राफीने सी.टी. हद्दपार केला नाही. पहिली पायरी कोणती, एवढे ठरवले. मुतखडा हा पुन्हा पुन्हा उद्भवणारा विकार आहे आणि ज्याला तिशीत कळ आली त्याच्या नशिबी पुढे अनेक स्कॅन येऊ शकतात, हे ध्यानात घेतले तर ही पायरी लहान नाही. पाच मिलिमीटरांहून लहान खडे बहुतांशी आपोआप पडून जातात. ताप, तुंबलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग, किंवा एकच मूत्रपिंड असणे, अशा वेळी मात्र उशीर करून चालत नाही, आणि तेव्हा पडद्यावरचे काळे तळे पाहताच मूत्ररोगतज्ज्ञांना तातडीने बोलावले जाते.

ज्या डॉक्टरने रुग्णाचे पोट हाताने चाचपले त्यानेच ध्वनीनेही चाचपावे, ही रीत ग्लासगोत होती. डोनाल्ड यांच्या काळी यंत्र प्रसूतिविभागात होते, क्ष-किरण विभागात नव्हे. प्रस्तुत लेखकाला त्यांच्या वारशातली ही बाजू यंत्राइतकीच मोलाची वाटते. चित्र काढणारा एक, अहवाल लिहिणारा दुसरा आणि रुग्ण तपासणारा तिसरा, अशी साखळी झाली की प्रत्येक दुव्यात काहीतरी गळते.

डोनाल्ड यांच्या हृदयाच्या झडपा खराब होत्या. त्यांच्यावर हृदयाच्या तीन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आणि तशा प्रकृतीतच त्यांनी हे सारे काम केले. ते धर्मनिष्ठ ख्रिश्चन होते. ब्रिटनमध्ये १९६७ साली गर्भपाताचा कायदा उदार झाला, त्याला त्यांनी जाहीर विरोध केला. गर्भाची हलती चित्रे दाखवून ते आपली बाजू मांडत. त्यांची ही भूमिका सर्वांना पटण्यासारखी नव्हती, सहकाऱ्यांतही मतभेद झाले. पण आपल्या यंत्राने गर्भाचे रक्षण व्हावे, ही त्यांची तळमळ खरी होती. १९७६ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ जून १९८७ रोजी एसेक्समधील पॅगल्शम या खेड्यात त्यांचे निधन झाले. त्यांना चार मुली होत्या.

त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराच्या आत, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला. देशात असा कायदा करणारे हे पहिले राज्य. ऐंशीच्या दशकात मुंबईतील स्त्रीसंघटनांनी यासाठी मोठा लढा दिला होता. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला, तरी अंमलबजावणी होईना, तेव्हा मुंबईची सेहत, पुण्याची मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. तोपर्यंत पुष्कळ नुकसान होऊन गेले होते आणि पुढेही होत राहिले. सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ८९४ राहिल्या, आणि बीड जिल्ह्यात तर ८०७. गर्भाच्या रक्षणासाठी झटलेल्या माणसाचे यंत्र मुलींच्या जिवावर उठले होते.

याचा मुतखड्याच्या रुग्णाशी संबंध काय? थेट संबंध आहे. कायदा यंत्राकडे पाहतो, आणि यंत्राला मूत्रपिंड आणि गर्भाशय यांत भेद नसतो. म्हणून पुरुषाच्या कमरेवर फिरवायच्या यंत्रालाही नोंदणी लागते, ते कोण वापरणार याची पात्रता ठरलेली असते आणि ते कोठे ठेवले आहे याचा हिशेब द्यावा लागतो. खिशात मावेल अशी सोनोग्राफी यंत्रे जगभर तातडीच्या डॉक्टरांच्या हाती पोहोचली, तेव्हा भारतात त्यांचा वापर याच कारणाने जखडलेला राहिला. तातडीच्या विभागांतील डॉक्टरांची तक्रार अशी, की मध्यरात्री खाटेजवळ दोन मिनिटांत मिळणाऱ्या उत्तरासाठी कागदपत्रांचा डोंगर का? तक्रार खोटी नाही. पण वरचे आकडे पाहिल्यावर दोर सैल सोडा, असे म्हणण्याचा धीरही होत नाही. नुसत्या मूत्रपिंडासाठी वेगळे, गर्भ दाखवू न शकणारे यंत्र करावे म्हटले तरी ते जमण्यासारखे नाही; तुंबलेली लघवी आणि गर्भाभोवतीचे पाणी ध्वनीच्या लेखी एकच. आपल्या देशातल्या नियमांनुसार सहज हलवता येणारे यंत्र ज्या रुग्णालयाच्या नावे नोंदले असेल त्याच्या आवारातच, तेथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी, वापरता येते. ठरावीक सेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा अपवाद वगळला, तर ते त्या आवाराबाहेर नेता येत नाही.